नानांच्या किडनीला त्यांच्याच पेशींनी मारलं का?

वाचक ताईंचं पत्र, थोडं आवरून:

"डॉक्टरकाका, मी सुरतला असते, माहेर चोपडा तालुक्यात. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. वय ६१, आठ वर्षांपासून शुगर. पोळ्याच्या तीन दिवस आधी केळीची पिलं कापताना विळा पायाला लागला. हळद दाबली, फडकं बांधलं, पुन्हा कामाला. पोळ्याच्या दिवशी थंडी वाजून ताप आला. 'बैलं सजवू द्या, मग जाऊ' म्हणाले. गावात तापाचं आणि दुखण्याचं इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी पाय टरारून सुजला, बरळायला लागले, दिवसभर लघवी नाही. जळगावला आयसीयूत अठरा दिवस. पांढऱ्या पेशी २६,०००, क्रिएटिनीन १.० चं ६.८ झालं, पाच वेळा डायलिसिस. आता घरी आहेत, डायलिसिस बंद, क्रिएटिनीन १.९, पोटॅशियम ४.६.

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, 'जंतूंनी केलं नाही तेवढं यांच्याच पांढऱ्या पेशींनी किडनीचं केलं.' तेव्हापासून घरात वाद आहे. शेजारचे म्हणतात, प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर आणि गुळवेलीचा काढा सुरू करा. भाऊ म्हणतो, पेशींनीच मारलं तर त्यांना वर खुराक कशाला? शिवाय बिलात स्टिरॉइडची इंजेक्शनं दिसली. एवढा जंतुसंसर्ग असताना प्रतिकारशक्ती दाबायचं औषध का दिलं? भाऊ मला असंही म्हणतो की तू फोनवर जोर लावला असता तर नाना पोळ्यालाच दवाखान्यात गेले असते. आजी रोज एकच विचारते, 'मना पोऱ्या बरा व्हई ना?' आणि केळीत जन्म गेलेल्या माणसाला आम्ही दवाखान्यापासून एक केळं दिलेलं नाही."

ताई,

आधी आजींना उत्तर देतो, कारण पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचा आहे. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ६.८ वरून १.९ वर उतरलं आणि डायलिसिस सुटलं, म्हणजे गाडी घराच्या दिशेने निघाली आहे. ती दारात येऊन लागेल की गल्लीच्या तोंडाशी थांबेल, हे आज कोणी छातीठोक सांगू नये. अशा इजेनंतर किडनी साधारण तीन महिने सावरत असते. त्यानंतर जी कसर उरते तिलाच जुनाट आजार म्हणायचं. नानांचे तीन महिने नोव्हेंबरच्या अखेरीस भरतील. तोवर १.९ ला निकाल समजू नका.

आता त्या वाक्याकडे येऊ. डॉक्टर बोलले ते खोटं नाही, पण दारात उभं राहून घाईत बोललेलं वाक्य आहे. त्यावरून तुमच्याकडे दोन पक्ष पडले. शेजाऱ्यांना प्रतिकारशक्ती वाढवायची आहे, भावाला ती वाढू द्यायची नाही. दोघांनीही ती विहिरीच्या पाण्यासारखी धरली आहे: पातळी चढली की उतरली, एवढंच बघायचं. नानांच्या शरीरात जे झालं त्यात पातळीपेक्षा वेळेचा आणि जागेचा घोळ मोठा होता.

नानांना झाला तो सेप्सिस. त्याची व्याख्या जगभरच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये नव्याने लिहिली. तिचा सगळा भर रुग्णाच्या शरीरावर आहे. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेलं उत्तर ताळतंत्र सोडतं आणि त्यातून अवयव जिवावर बेतण्याइतके बिघडतात, तेव्हा तो सेप्सिस. आयसीयूत अचानक किडनी बिघडलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या मुळाशी हाच सापडतो. तेव्हा नानांच्या बाबतीत काहीतरी विपरीत, न ऐकलेलं घडलं असं मनात धरू नका.

विळ्याच्या जखमेत जंतू शिरले तेव्हा पहिल्यांदा तिथे पोचल्या त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. बोन मॅरोत त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात आणि रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस टिकतात. जखमेत पू दिसतो तो बहुतेक मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो. भांडण पायापुरतं राहिलं असतं तर आठवडाभराच्या गोळ्या-औषधांवर भागलं असतं. पण जंतू आणि त्यांच्या कवचाचे तुकडे रक्तात उतरले. मग अंगभर एकाच वेळी धोक्याचा निरोप गेला, आणि बोन मॅरोने होत्या नव्हत्या त्या पेशी बाहेर काढल्या, अर्धवट वाढलेल्यासुद्धा. २६,००० आले ते असे. (उलटही होतं. काही रुग्णांत पांढऱ्या पेशी चार हजारांच्या खाली जातात, आणि 'पेशी वाढल्या नाहीत, म्हणजे फार काही नाही' म्हणून घरचे निर्धास्त राहतात.)

न्यूट्रोफिलची एक लकब तुम्हाला सांगितलीच पाहिजे. जंतू गिळून संपत नाहीत असं झालं की ती स्वतःचा डीएनए, म्हणजे पेशीच्या गाभ्यातला धागाच, बाहेर उसवून जाळ्यासारखा फेकते. त्या धाग्यांना जंतू मारणारी द्रव्यं चिकटलेली असतात. हे बर्लिनच्या संशोधकांनी २००४ मध्ये पहिल्यांदा दाखवलं. जखमेच्या तोंडाशी हे जाळं मोठं कामाचं. तेच किडनीच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत पसरलं की त्याला रक्त गोठवणाऱ्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट, चिकटतात, सूक्ष्म गुठळ्या होतात, आणि धाग्यावरची हिस्टोन नावाची प्रथिनं वाहिनीच्या आतल्या अस्तराला भाजून काढतात. जंतू आणि किडनीची पेशी यांच्यातला फरक त्या प्रथिनांना कळत नाही.

आता तुमच्याच बागेतलं सांगतो. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात, आणि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात सरळ लिहिलेलं असायचं: सेप्सिसमध्ये रक्तदाब पडतो, किडनीला रक्त कमी पोचतं, ती सुकते. पुढे मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की किडनीकडे जाणारं एकूण रक्त कमी न होता, कधी उलट वाढूनसुद्धा, लघवी थांबते. ठिबक वापरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मोटर चालू आहे, सब-मेनला प्रेशर आहे, आणि तरी ओळीच्या ओळी सुकल्या आहेत, कारण ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, चोक झालेत. काही लॅटरलला, म्हणजे ओळीतल्या नळ्यांना, धो धो पाणी आणि शेजारच्या लॅटरलला थेंब नाही. किडनीच्या बारीक वाहिन्यांचं नेमकं असंच होतं. म्हणून सेप्सिसमध्ये नुसती सलाईन चढवत राहून किडनी सुटत नाही. प्रमाणाबाहेरचं पाणी फुप्फुसात आणि पायांत साचून त्रासच वाढवतं. (पडलेला रक्तदाब सुरुवातीलाच सावरावा लागतो, तो वेगळा भाग. तिथे सलाईन हवीच.)

इथवर किडनी बिचारी मार खाणारी वाटते. तसंही नाही. गाळण्यांच्या पुढे ज्या नलिका असतात त्यांच्या पेशींवरही धोका ओळखणारे तेच रिसेप्टर आहेत जे पांढऱ्या पेशींवर असतात. जंतूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन ओळखणारा टोल-लाइक रिसेप्टर ४ त्यातला नावाजलेला. ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये त्याचं हे काम उलगडलं, आणि २०११ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. जंतूंचे तुकडे आणि फुटलेल्या पेशींचा कचरा रक्तातून गाळून नलिकेत आला की नलिकेची पेशी स्वतःच बोंब ठोकते, आणखी पांढऱ्या पेशींना हाक मारते. म्हणजे किडनी या भांडणात साक्षीदारही आहे आणि बोलावणारीही.

आणि मग ती एक शहाणपणाची गोष्ट करते, जिच्यावर आजींच्या प्रश्नाचं उत्तर टेकलेलं आहे. नलिकांचं काम फार खर्चाचं आहे. दिवसाला १८० लिटर पाणी गाळलं जातं, म्हणजे वीस लिटरचे नऊ जार, आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत आत ओढून घ्यायचं. त्याला ऊर्जा लागते. दंगल पेटल्यावर दुकानदार शटर ओढून आत बसतो तशा या पेशी काम बंद करतात आणि असलेली ऊर्जा नुसतं जगायला वापरतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दुकान बुडालं: लघवी बंद, क्रिएटिनीन वर. पण सेप्सिसने दगावलेल्या रुग्णांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर मेलेल्या नलिका-पेशी अपेक्षेपेक्षा थोड्या, इथे-तिथे विखुरलेल्या दिसतात. बऱ्याचशा जिवंत असतात. नानांचं डायलिसिस पाचव्या वेळेनंतर सुटलं त्यामागे बरंचसं हेच असणार. शटर उघडलं.

आता भावाला उत्तर. त्याने पेशींना दोषी ठरवून टाकलं आहे. त्याला मॅक्रोफेजची ओळख करून द्या. या खादाड पेशी १८८२ च्या सुमारास इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने इटलीत मेसिना इथे तारामाशाच्या अळीत पाहिल्या. अळीला काटा टोचला तर काही पेशी काट्याभोवती जमा झाल्या, एवढंच निरीक्षण. १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्याबरोबर मिळालं. किडनीत मॅक्रोफेजचं कायम बिऱ्हाड असतं, आणि संकटात रक्तातून आणखी येतात. पहिल्या दिवसांत त्या जाळपोळीत सामील असतात. नंतर त्यातल्याच पुष्कळ जणी काम बदलतात: मेलेल्या पेशी उचलतात, सूज उतरवणारे निरोप सोडतात, नलिकांना नव्याने वाढायला लावतात. आज नानांच्या किडनीत जी डागडुजी चालू आहे ती याच पेशी करताहेत. त्यांना दाबून टाकलं तर गवंड्यालाच कामावरून काढल्यासारखं होईल. आणि त्यांना चेतवलं तर? त्या वेळेत थांबल्या नाहीत, डागडुजी लांबत गेली, तर किडनीत व्रण धरतात. जुनाट आजाराची एक वाट तिथूनच जाते.

एक तिसरा गट राहिला: टी पेशी. सेप्सिसमध्ये यांचा मोठ्या संख्येने नाश होतो. न्यूट्रोफिल वाढलेल्या असतानाच टी पेशी घटलेल्या, असं एकाच माणसाच्या एकाच रक्तात दिसतं. तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढली की कमी झाली' या प्रश्नाचं नानांपुरतं उत्तर 'दोन्ही' असं आहे. उरलेल्या टी पेशींतल्या काहींचं कामच मुळी भांडण आवरायचं असतं. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळालं ते या पेशींवरच्या कामासाठी. उंदरांवरच्या प्रयोगांत या पेशी काढून घेतल्या की किडनीची इजा जास्त होते, असं दिसलं आहे. माणसाला बाहेरून त्या टोचून सेप्सिसमधली किडनी वाचवता येईल असा उपचार आज हातात नाही. कोणी विकत असेल तर दार लावून घ्या.

स्टिरॉइडचा तुमचा प्रश्न मला आवडला, बिल इतकं बारकाईने फार थोडे लोक वाचतात. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळतो तेव्हा, तो टिकवायला लागणारं औषध चालूच ठेवावं लागत असेल तर हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टिरॉइड थोड्या प्रमाणात देतात, दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅम, तेही काही दिवसच. जंतूंवरचं अँटिबायोटिक त्याच वेळी चालू असतं. त्यामागचा हेतू मुख्यतः रक्तदाब लवकर सावरावा हा. नानांची प्रतिकारशक्ती संपवायला कोणी निघालं नव्हतं.

खरं म्हणजे ती दाबून बघायचे मोठे प्रयत्न झालेत. भडका उडवणारा टीएनएफ नावाचा एक निरोप अडवणारी औषधं सेप्सिसमध्ये वापरून पाहिली, अपेक्षेइतकं काही हाती लागलं नाही. ॲक्टिवेटेड प्रोटीन सी नावाचं महागडं औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं, मोठा गाजावाजा झाला, आणि उपयोग सिद्ध होत नाही म्हणून २०११ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. कारण तुम्हाला आता दिसत असेल. कुठल्या तासाला कुठली पेशी जाळते आहे आणि कुठली बांधते आहे हे रुग्णागणिक वेगळं, आणि औषध सगळ्यांना एकच. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे जमलं नाही ते शेजाऱ्यांच्या डब्यातली पावडर करेल यावर माझा विश्वास नाही. डब्यावर 'प्रतिकारशक्ती वाढवते' लिहिलं असेल तर विचारा, यातली कोणती पेशी वाढवते आणि कोणत्या दिवशी. उत्तर आलं तर मलाही कळवा.

गुळवेलीबद्दल मात्र चिडून बोलत नाही. आपल्या खान्देशात कुंपणावर वाढते, घराघरात वापरतात. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले काही रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वेगळ्या वेलीशी गल्लत झाली असावी असंही म्हटलं गेलं. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. ज्याची किडनी आत्ता शटर अर्धं उघडून बसली आहे आणि जो शुगरच्या गोळ्या घेतो आहे, त्याला मी नोव्हेंबर संपेपर्यंत कुठलाही काढा देणार नाही: गुळवेल नाही, किडनीसाठी म्हणून मिळणारा गोखरू-पुनर्नव्याचा नाही, आणि धातूंची भस्मं तर अजिबात नाही. वैद्यांकडे जायचंच असेल तर क्रिएटिनीनचा कागद घेऊन जा आणि जे देतील ते किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.

मग करायचं काय? या तीन महिन्यांत नानांच्या किडनीला दुसरा धक्का बसू द्यायचा नाही. सगळ्यात जवळचा धक्का तुमच्याच पत्रात आहे: दुखण्याचं इंजेक्शन. ते कोणतं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या घराण्यातली औषधं किडनीकडे रक्त नेणारी वाहिनी आवळतात. सेप्सिसमध्ये, अंगात पाणी कमी असताना, ती आणखी नुकसान करतात. एका इंजेक्शनने नानांची किडनी गेली असं मी म्हणत नाही. पुढे गुडघा दुखो, कंबर दुखो, ही औषधं नकोत, एवढं घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात बसवा. एका चिठ्ठीवर 'किडनीला इजा झाली होती, वेदनाशामक इंजेक्शन देऊ नये' असं लिहून नानांच्या बंडीच्या खिशात ठेवा. चालेल असं साधं औषध म्हणजे पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. अमिकासिन-जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक किंवा रंगाचं औषध टोचून सीटी स्कॅन करायची वेळ आली तर आधी ही चिठ्ठी दाखवा.

शुगरच्या गोळ्यांकडे आजच बघून घ्या. १.९ क्रिएटिनीनवर नानांच्या वयाला किडनीची क्षमता, रिपोर्टवर ईजीएफआर लिहितात ती, सुमारे ४० निघते. मेटफॉर्मिन चालू असेल तर ३० ते ४५ मध्ये डोस कमी करावा लागतो, ३० च्या खाली ती बंदच. इन्सुलिन घेत असतील तर मंद किडनीत ते जास्त वेळ टिकतं आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. पूर्वीचाच डोस चालू ठेवून पहाटे घामाघूम झालेले रुग्ण मी पुष्कळ पाहिलेत. आणि उलट्या-जुलाब लागले, जेवण तुटलं, तर रक्तदाबाच्या आणि लघवीच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे आधीच विचारून ठेवा. रात्री अकराला फोन शोधत बसू नका.

क्रिएटिनीनबद्दल एक मेख आहे, जी रिपोर्टवर छापलेली नसते. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं. अठरा दिवस आयसीयूत पडलेल्या माणसाचे दंड-मांड्या झडलेल्या असतात, त्यामुळे आकडा खऱ्या परिस्थितीपेक्षा बरा दिसू शकतो. म्हणून नोव्हेंबरअखेरच्या तपासणीत नुसतं क्रिएटिनीन करून परत येऊ नका. लघवीतून प्रथिन किती जातंय ती तपासणी, पोटॅशियम आणि रक्तदाब हवाच. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी डॉक्टर सुचवतील, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. पुन्हा डायलिसिसची वेळ यायची नाही असं धरू, पण आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं, कागदपत्रं सापडतील अशी ठेवा.

झडलेले स्नायू भरायला खाणं लागतं. किडनीचा रुग्ण म्हणून डाळ, दूध, अंडं सगळं तोडून पेजेवर ठेवलेला माणूस मी पाहिला की मला त्रास होतो. डायलिसिस नसताना प्रथिनाचा अतिरेक नको, पण उपासमारही नको. कळण्याची भाकरी, पातळ वरण, दही चालेल. मीठ हाताने कमी करा. पापड आणि लोणचं महिनाभर डब्यातच राहू द्या.

आणि केळं. पोटॅशियम ३.५ ते ५ मध्ये असावं, नानांचं ४.६ आहे. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी बंद असताना ते जमा होऊन हृदयाची लय बिघडवू शकतं, म्हणून दवाखान्यात मनाई होती, ती बरोबरच होती. आता लघवी नीट होते आहे, आकडा मर्यादेत आहे. शुगर आवाक्यात असेल आणि तुमच्या डॉक्टरांनी मान डोलवली तर दिवसाआड अर्धं केळं द्या, आठ-दहा दिवसांनी पोटॅशियम पुन्हा बघा. चोपड्याच्या केळी-उत्पादकाला इतकं तर मिळू द्या. नारळपाण्याला मात्र हे लागू करू नका, त्यात पोटॅशियम भरपूर आणि लोक ग्लासावर ग्लास पाजतात. थंडीत शेतात भरताची पार्टी होईल तेव्हा नानांना बसवा. भरीत खाऊ द्या, तेल-मिठावर तेवढी नजर.

टी पेशींचं वर सांगितलं त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पुढचे काही महिने छोटा जंतुसंसर्गही मोठा होऊ शकतो. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस कधी घ्यायची ते विचारा. प्रतिकारशक्ती खरोखर शिकवून तयार करणारी गोष्ट हवी असेल तर ती लस आहे, आणि पावडरीच्या डब्यापेक्षा तिचा हिशेब सरळ आहे. नागीण उठली, खोकला लांबला, लघवीला जळजळ झाली तर थांबायचं नाही.

थांबायचं कधी नाही हे नीट सांगतो. मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे सर राउंडला आले की आधी पलंगाखालची लघवीची पिशवी बघायचे, मग रुग्णाचा चेहरा. एका पहाटे पिशवी रिकामी होती आणि मी कागदावर 'ताप उतरला' एवढंच लिहिलं होतं. त्या दिवशी खाल्लेली बोलणी अजून पुरतात. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिलिलिटर लघवी व्हायला हवी. सहा तासांत पाण्याचा एक छोटा ग्लासही भरत नसेल तर किडनी काहीतरी सांगते आहे. क्रिएटिनीन त्यानंतर वाढतं, कधी एक-दोन दिवसांनी. त्यासोबत बरळणं, धाप, हातपाय गार पडणं, किंवा थंडी वाजून ताप यातलं एकही असेल तर गावातलं इंजेक्शन नको, १०८ ला फोन. आणि गाडीत बसवताना शेवटची लघवी कधी झाली ते सांगा. फार कमी लोक सांगतात.

उन्हाचंही आत्ताच लिहून ठेवतो, कारण तोवर हे पत्र रद्दीत गेलेलं असेल. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही माहेरी याल तेव्हा पारा ४४-४५ वर असेल. नानांना अकरा ते चार बागेत जाऊ देऊ नका. पाणी किती प्यायचं ते नोव्हेंबरच्या रिपोर्टनंतर डॉक्टरांकडून मापात ठरवून घ्या. 'किडनी धुवायला पाच लिटर' हा सल्ला जो देईल त्याचं ऐकू नका.

शेवटी भावाचं बोलणं. खोटं सांगणार नाही: सेप्सिसमध्ये तास मोजले जातात आणि पोळ्याच्या दिवशीच अँटिबायोटिक सुरू झालं असतं तर किडनी वाचायची शक्यता जास्त होती. पण त्या दिवशी नानांना पाय फारसा दुखत नसणार. आठ वर्षांच्या शुगरने तळव्याची संवेदना कमी होते, म्हणूनच ते तीन दिवस त्या पायावर चालले. ज्याला दुखत नाही असा माणूस, पोळ्याचा दिवस, दारात सजवायला उभे बैल, आणि सुरतहून आलेला लेकीचा फोन. मी स्वतः समोर उभा असतो तरी नाना उठले असते की नाही, मला शंका आहे. भावालाही हे कळतं. तो अठरा रात्री आयसीयूबाहेर बसला होता, त्याची झोप अजून भरलेली नाही. त्याला हे पत्र वाचायला द्या, मॅक्रोफेजचा परिच्छेद त्याच्यासाठीच लिहिला आहे.

कांदेबाग केळीची कामं चालू असतील. नानांना म्हणावं, यंदा देखरेख करा, विळा दुसऱ्याच्या हातात. बागेत उतरलेच तर गमबूट घालून, आणि रात्री झोपण्याआधी घरातल्या कोणीतरी दोन्ही तळवे उजेडात बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. नोव्हेंबरचा रिपोर्ट आला की आकडे कळवा.